काडीमोड आणि वकीलपत्र

गेल्या महिन्यांत आमच्या ओळखीच्या एका घरांतील आजीबाई मजकडे आल्या होत्या. बराच वेळ पावसापाण्याचें बोलणें झालें, आणि मग उठतां उठतां, पदर सारखा करीत, त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या माहितींत एखादा चांगला वकील आहे का हो? आमच्या नातीसाठीं हवा आहे." कोणत्या कामासाठीं, हें त्यांनीं सांगितलें नाहीं, मींही विचारलें नाहीं. घरजागेच्या दाव्याला वकील हवा असता, तर त्यांनीं तो दारांतूनच मोठ्यानें विचारला असता. आवाज खालीं उतरला, यावरूनच काम कोणतें तें मला समजलें.

त्यांना मीं काय उत्तर दिलें, तें शेवटीं सांगेन. पण त्या गेल्यावर मनांत विचार आला, कीं हा प्रश्न आपल्या समाजांत विचारला जाऊं लागला तरी केव्हांपासून? त्या आजीबाईंच्या आजीला तो सुचलाच नसता. त्यांच्यासारख्या पांढरपेशा घरांत विवाह हा संस्कार. तो मोडतां येतो, ही कल्पनाच नव्हती. आणि ज्या जातींत तो मोडतां येत असे, त्या जातींत त्यासाठीं वकिलाची गरज नव्हती. या दोन अवस्थांतून आपण आजच्या अवस्थेपर्यंत कसे आलों, आणि त्या प्रवासांत वकील नांवाचा गृहस्थ, व पुढें वकील नांवाची स्त्री, पतिपत्नींच्या मध्यें कशी येऊन उभी राहिली, तें आज थोडक्यांत पहावयाचें आहे.

पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टन साहेबांच्या कारकीर्दींत आर्थर स्टील या अधिकाऱ्यानें दक्षिणेंतील जातींच्या रूढींचा एक मोठा संग्रह तयार केला. त्या काळच्या महाराष्ट्रांत विवाहाचे नियम किती भिन्न होते, याची कल्पना अशा संग्रहांवरून येते. ब्राह्मणांत विवाह अविच्छेद्य, विधवेला पुनर्विवाह नाहीं. पण इतर अनेक जातींत सोडचिठ्ठी होती, फारखत होती, आणि सोडचिठ्ठी मिळालेल्या स्त्रीला पाट लावण्याची मुभा होती. पंचांसमोर काडी मोडून संबंध तुटल्याचें जाहीर करावयाचें, म्हणून 'काडीमोड' हा शब्द आला. पंचायतीपुढें वकील नसे. दोन्ही पक्षांना पंच जन्मापासून ओळखत असत. त्यांत सोय होती आणि जाचही होता. खर्च थोडा, निकाल लवकर. परंतु जिच्या आयुष्याचा निकाल व्हावयाचा तिच्या वतीनें बोलणारा तिचा बाप किंवा भाऊ, आणि तो नसेल तर कोणीच नाहीं. आपल्या बाजूनें बोलण्यास बांधलेला, नात्याबाहेरचा, जाणता मनुष्य असावा, ही गोष्ट पंचायतीच्या व्यवस्थेंत बसत नव्हती. वकिलाचें महत्त्व ओळखावयाचें तर प्रथम ही उणीव ध्यानांत घेतली पाहिजे.

१८२७ च्या मुंबई कायद्यानें असें ठरविलें होतें, कीं ज्या बाबतींत सरकारी कायदा नसेल तेथें देशाची वहिवाट पहावी, आणि तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा पहावा. म्हणजे रूढीला मान होता. पुढें १८६२ मध्यें मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झालें, आणि त्या न्यायालयानें १८६४ व १८७६ च्या दोन फौजदारी प्रकरणांत एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. पतीची संमति नसतां केवळ जातीच्या आज्ञेनें विवाह मोडला, किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी मिळाली, तर ती न्यायालयाला मान्य नाहीं. याचा व्यावहारिक अर्थ असा, कीं पंचांच्या शब्दावर विश्वासून पाट लावणारें जोडपें दंडसंहितेच्या कचाट्यांत सांपडूं शकत होतें. पंचायतीचा दरवाजा असा अर्धा बंद झाला. आणि न्यायालयाचा दरवाजा तर हिंदु स्त्रीला घटस्फोटासाठीं उघडलेलाच नव्हता. त्या उंबरठ्यावर कित्येक स्त्रिया किती काळ ताटकळत राहिल्या असतील, याचा हिशेब कोणत्याच दप्तरांत नाहीं.

इतर समाजांची स्थिति थोडी निराळी होती. पारशी समाजाच्या एका वैवाहिक दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें १८५६ मध्यें असा निर्णय दिला, कीं इंग्रजी धर्मन्यायालयाचा अधिकार पारशांवर चालत नाहीं. आपल्याला या बाबतींत कायदाच नाहीं, हें ध्यानांत येतांच त्या समाजाच्या पुढाऱ्यांनीं चळवळ केली आणि १८६५ मध्यें पारशी विवाह व घटस्फोट कायदा करून घेतला. त्यांच्या न्यायालयांत न्यायाधीशाबरोबर समाजांतील प्रतिनिधी बसतात. ती पद्धति आजही टिकून आहे. ख्रिस्ती लोकांसाठीं १८६९ चा कायदा आला. त्यांत पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला म्हणजे पुरे. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग असें आणखी कांहीं तरी सिद्ध करावें लागे. हा भेद २००१ च्या दुरुस्तीनें कायद्यांतून गेला. मुसलमान स्त्रियांना न्यायालयांतून विवाहविच्छेद मागण्याचीं कारणें १९३९ च्या कायद्यानें निश्चित झालीं.

आतां त्या काळीं मुंबईंत वकील करावयाचा म्हणजे काय करावें लागे, तें पाहूं. जिल्ह्याच्या गांवीं गोष्ट सोपी होती. सनद असलेल्या वकिलाच्या ओसरीवर जाऊन बसावें, वकीलपत्रावर सही करावी. पण मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेंत तसें नव्हतें. तेथें पक्षकाराला बॅरिस्टराकडे थेट जातां येत नसे. आधीं सॉलिसिटर गांठावयाचा. त्यानें कागद पहावयाचे, हकीकत लिहून काढावयाची, लाल फितीनें बांधलेली 'ब्रीफ' तयार करावयाची, आणि मग कोणत्या बॅरिस्टराकडे ती न्यावयाची हें त्यानें ठरवावयाचें. बॅरिस्टराची फी ब्रीफच्या पाठीवर मोहरांत लिहिली जाई. एक मोहर म्हणजे पंधरा रुपये. म्हणजे पक्षकाराला दोन वकिलांचा खर्च सोसावा लागे. पण त्यांत एक फायदाही होता. कोणता बॅरिस्टर कोणत्या कामांत कसलेला आहे, हें अनोळखी मनुष्याला कळत नाहीं. तें सॉलिसिटराला पक्कें ठाऊक असे. ही दुहेरी पद्धति १९७६ च्या दुरुस्तीनें कायद्यानें बंद झाली. तेव्हांपासून निवड करण्याचें ओझें सर्वस्वीं पक्षकाराच्या शिरावर आलें आहे.

या व्यवस्थेची खरी कसोटी जिच्या प्रकरणांत लागली, ती स्त्री म्हणजे रखमाबाई. १८६४ मध्यें मुंबईंत जन्मलेल्या या मुलीचा अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं विवाह झाला. ती माहेरींच राहिली. तिचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरीं तिला वाचनाची गोडी लागली. वयांत आल्यावर तिनें नवऱ्याच्या घरीं जाण्याचें नाकारलें. १८८४ मध्यें दादाजींनीं मुंबई उच्च न्यायालयांत दावा लावला, कीं पत्नीला माझ्या घरीं पाठवावें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. रखमाबाईला घटस्फोट मागतां येतच नव्हता. तिच्या वकिलांच्या हातीं दुसऱ्याच्या दाव्याला उत्तर देणें, एवढेंच होतें. तिच्या बाजूनें उभे राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे होते. संस्कृत धर्मग्रंथ आणि इंग्रजी कायदा या दोहोंत त्यांच्याइतका अधिकार असलेले लोक त्या वेळीं मुंबईंत फार थोडे. वकिलाची निवड म्हणजे काय, याचें हें उत्तम उदाहरण आहे. जेथें स्वतःचें शस्त्रच नाहीं, तेथें प्रतिपक्षाचें शस्त्र कोठें घडलें आहे हें ओळखणारा मनुष्य लागतो. पतिगृहीं पाठविण्याचा हा दावा हिंदु धर्मशास्त्रांतला नसून तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून येथें आलेला आहे, आणि तेथेंही तो एकदां सहजीवन सुरू होऊन तुटलेल्या जोडप्यासाठीं आहे, हा मुद्दा निर्णायक ठरला. २१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं दावा फेटाळला.

पण तो विजय टिकला नाहीं. १८८६ मध्यें अपिलांत तो निर्णय फिरला, दावा पुन्हा चौकशीसाठीं खालीं आला, आणि मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला, कीं रखमाबाईनें महिन्याच्या आंत पतीच्या घरीं जावें, नाहीं तर तुरुंगवास भोगावा. तुरुंग पत्करीन, पण जाणार नाहीं, हें तिचें उत्तर सर्व देशांत गाजलें. वर्तमानपत्रांत तिच्या नांवाची रोज उलटसुलट चर्चा होत होती. तिच्या साहाय्यासाठीं मुंबईंत एक मंडळ स्थापन झालें, आणि तिच्या विरुद्ध लिहिणाऱ्यांत पुण्याचीं मोठीं पत्रें होतीं. शेवटीं जुलै १८८८ मध्यें तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि त्यांनीं हुकुमाच्या बजावणीचा आग्रह सोडला. रखमाबाई १८८९ मध्यें विलायतेस गेल्या, १८९४ मध्यें डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं पुष्कळ वर्षें रुग्णसेवा केली. १९५५ च्या सप्टेंबरांत त्या निवर्तल्या. हिंदु विवाह कायदा त्याच वर्षाच्या मे महिन्यांत अमलांत आला होता! ज्या मोकळिकीसाठीं त्यांना दोन हजार रुपये मोजावे लागले, ती कायद्यानें मिळण्याची वाट त्यांना सदुसष्ट वर्षें पहावी लागली.

रखमाबाईच्या वकिलांत एकही स्त्री नव्हती, कारण स्त्रीला वकील होतांच येत नव्हतें. नवऱ्याच्या घरांतील ज्या गोष्टी स्त्री आपल्या आईलाही अर्धवटच सांगते, त्या परक्या पुरुषाला, आणि त्याही कारकुनाच्या देखत सांगावयाच्या, हें त्या काळच्या बायकांना किती जड गेलें असेल! नाशिक येथें १८६६ मध्यें जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या ऑक्सफर्डला कायदा शिकून १८९२ मध्यें परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु वकिलीची सनद मिळविण्यासाठीं त्यांना तीस वर्षें झगडावें लागलें. तोंवर पडद्यांतील स्त्रियांच्या इस्टेटींचें काम त्या सरकारी नोकर म्हणून करीत राहिल्या. १९१६ मध्यें कलकत्त्याच्या आणि १९२१ मध्यें पाटण्याच्या न्यायालयानें स्त्रियांना सनद नाकारली. अलाहाबादच्या न्यायालयानें मात्र १९२१ मध्यें ती कॉर्नेलियाबाईंना दिली. अखेर १९२३ च्या कायद्यानें हा प्रतिबंध सर्व देशांतून उठला. त्याच वर्षीं दिवाणी कायद्यांत अशी दुरुस्ती झाली, कीं पतिपत्नींनीं एकत्र रहावें या हुकुमाच्या बजावणीसाठीं कोणालाही तुरुंगांत टाकतां येऊं नये. रखमाबाईंच्या डोक्यावर टांगलेली तलवार म्यान झाली, तीही त्याच वर्षीं!

मुंबई उच्च न्यायालयांत वकिली करणारी पहिली स्त्री म्हणजे मिठनबाई टाटा, पुढें मिठनबाई लाम. त्यांच्या पहिल्या ब्रीफची गोष्ट मोठी गमतीची आहे. ज्या पक्षकारानें त्यांना काम दिलें, त्याची बाजू भक्कमच होती. पण प्रतिपक्षाची एका बाईकडून हार व्हावी, ही त्याची हौस! अशा हौसेतूनही पुढची वाट पडते. पारशी विवाह कायदा १९३६ मध्यें नव्यानें तयार झाला, त्या कामांत मिठनबाईंनीं मोठा वांटा उचलला, आणि १९४७ मध्यें त्या मुंबईच्या पहिल्या स्त्री शेरीफ झाल्या.

हिंदूंसाठीं कायदा होण्याचा मान प्रथम संस्थानांकडे जातो. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१९ मध्यें काडीमोडीला कायद्याचें रूप दिलें. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राज्यांत १९३१ मध्यें हिंदु घटस्फोटाचा कायदा झाला. गोमंतकांत तर पोर्तुगालांत प्रजासत्ताक येतांच १९१० च्या हुकुमनाम्यानें घटस्फोट आला, आणि त्यांत उभयतांच्या संमतीनें विभक्त होण्याची सोयही होती. ब्रिटिश मुलुखांतील मुंबई प्रांताचा हिंदु घटस्फोट कायदा १९४७ चा. त्यानंतर हिंदु कोड बिल आलें. तें रखडलें म्हणून, इतर कारणांबरोबर, डॉक्टर आंबेडकरांनीं १९५१ मध्यें मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ मध्यें त्या बिलाचा विवाहविषयक भाग कायदा झाला. आणि ज्या जातींत काडीमोडीची जुनी रूढि होती, ती त्या कायद्यानें रद्द न करतां राखून ठेवली. परस्परसंमतीचा घटस्फोट मात्र हिंदु विवाह कायद्यांत १९७६ मध्यें शिरला. गोमंतकाच्या मागून तब्बल सहासष्ट वर्षांनीं!

असा कायदा आला आणि त्याबरोबर वकिलांची रांगही आली. मग उलट ओरड सुरू झाली, कीं घरगुती भांडणें वकिलांमुळें चिघळतात. त्या ओरडींतून १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा जन्मला. त्याच्या १३ व्या कलमानें असें सांगितलें, कीं या न्यायालयांत वकील उभा करण्याचा हक्क पक्षकाराला आपोआप नाहीं. न्यायालयाला जरूर वाटल्यास तें कायद्याच्या जाणत्याचें साहाय्य घेईल. म्हणजे दीडशे वर्षांनीं आपण पुन्हा पंचायतीकडे वळलों कीं काय? हेतु उत्तम होता. पण अनुभव असा आला, कीं शिकलेला, धीट नवरा आपली बाजू स्वतः मांडूं शकतो, आणि कधीं कोर्टाची पायरी न चढलेली बायको त्याच्यासमोर मुकी होते. मुंबई उच्च न्यायालयानें १९९१ मध्यें या प्रश्नाचा विचार करून वकिलांना वाव असावा असें मत दिलें, आणि आज कौटुंबिक न्यायालयाच्या परवानगीनें वकील तेथें सर्रास उभे राहतात. पंचायतीपाशीं जी उणीव आपण पाहिली, तीच येथें पुन्हा प्रकट झाली. समेट व्हावा हें खरें. पण समेट दोन सारख्या आवाजांचाच होतो.

आतां त्या आजीबाईंचा प्रश्न. वकील शोधावा कसा? आपल्याकडे वकिलाला जाहिरात करण्याची मनाई आहे. बार कौन्सिलच्या नियमानें त्याच्या पाटीचाही आकार बेताचाच असावा लागतो. २००८ पासून इंटरनेटवर नांव, पत्ता, शिक्षण आणि कामाचें क्षेत्र, एवढेंच देण्याची सवलत आहे. म्हणून जो स्वतःची फार टिमकी वाजवितो, किंवा कोर्टाच्या आवारांत दलालामार्फत आपल्याला गांठतो, त्याच्यापासून दूर रहावें. जुना सॉलिसिटर जें करीत असे तें आतां आपणच करावयाचें आहे. दोनतीन ठिकाणीं जावें, कौटुंबिक न्यायालयांत एक दिवस बसून कोण कसा बोलतो तें पहावें, आणि ज्या वकिलापाशीं आपल्याला लाज न वाटतां खरें सांगतां येतें, तो निवडावा. त्याला सांगितलेलें गुपित त्याच्या बाहेर जाऊं नये, हें बंधन १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होतें, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्यांतही आहे. खटला जिंकल्यास मिळणाऱ्या रकमेंत वांटा मागणें वकिलाला मना आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९५४ मध्येंच तशा करारास गैरवर्तन ठरविलें. फी थकली म्हणून वकिलाला आपले कागद अडवून ठेवतां येत नाहींत, हेंही त्याच न्यायालयानें २००० मध्यें सांगितलें आहे. एका पक्षाचा सल्लागार झालेल्या वकिलानें त्याच वादांत दुसऱ्या पक्षाचें काम घ्यावयाचें नसतें. तेव्हां "आमचाच वकील दोघांचें पाहील" असें सासरहून आलेलें गोड आमंत्रण विचार करूनच स्वीकारावें.

आणि पैसा? ज्या पक्षाला स्वतःचें पुरेसें उत्पन्न नाहीं, मग ती पत्नी असो वा पति, त्याला दाव्याचा खर्च आणि तोंवरची पोटगी दुसऱ्या पक्षाकडून मागतां येते. हिंदु विवाह कायद्याचें २४ वें कलम त्यासाठींच आहे. शिवाय १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यान्वयें कोणत्याही स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो. जिल्ह्याजिल्ह्यांतून आणि तालुक्यांतून त्याच्या कचेऱ्या आहेत.

हें सर्व मीं त्या आजीबाईंना दुसऱ्या दिवशीं त्यांच्या घरीं जाऊन सांगितलें. नात शेजारीं बसली होती. आजीबाईंनीं पुन्हा हळू आवाजांत विचारलें, "पण चार लोकांत नांव होईल ना हो?" मीं म्हणालों, "रखमाबाईंचें झालें. आतां हे दावे बंद दाराआड चालतात, आणि ते छापण्याला कायद्याची मनाई आहे." हें ऐकून ती मुलगी प्रथमच वर पाहून बोलली. तिचा आवाज मुळींच खालीं नव्हता. ती म्हणाली, "आजी, वकिलांकडे मी स्वतः जाईन. तूं फक्त माझ्याबरोबर चल."